‘कंपनी’ या शब्दाची कुळकथा

नगर जिल्ह्यात ‘कारखाना’ आणि ‘कंपनी’ हे दोन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पोरगा कारखान्यात आहे म्हटले की तो साखर कारखान्यात आहे, आणि कंपनीत आहे म्हटले की तो एमआयडीसीत आहे, हे येथे शाळकरी मुलालाही कळते. वास्तविक दोन्हीकडे यंत्रे आहेत, भोंगा आहे, तीन पाळ्या आहेत आणि पगाराच्या तारखेची वाट पाहणे आहे. तरीही लोकांनी हा भेद केला आणि तो उगाच केलेला नाही. कारखान्याचे सभासद, संचालक, निवडणूक आणि त्या निवडणुकीतली भांडणे सगळी आपल्या डोळ्यांदेखत होतात. कंपनी मात्र कोणाची, ती राहते कोठे, तिचे तोंड कोणत्या बाजूला, हे दारावरच्या पहारेकऱ्यालाही सांगता येत नाही.

आमचे निम्मे आयुष्य या कंपनी नावाच्या अदृश्य व्यक्तीशी बोलणी करण्यात गेले. टेबलापलीकडे जो माणूस बसतो तो भला असतो, चहा मागवितो, आणि शेवटी म्हणतो, ‘माझ्या हातात काय आहे? कंपनीचे धोरणच तसे आहे.’ त्याच्या वरच्याला गाठावे तर तोही तेच म्हणतो. तेव्हा ही कंपनी म्हणजे आहे तरी कोण, या जिज्ञासेने आम्ही कोश चाळू लागलो. आम्ही काही भाषापंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु या एका शब्दाने आम्हांस जेवढे फिरविले तेवढे मोर्च्यांनीही फिरविले नसेल.

प्रथम आपण मराठीत हा शब्द किती अंगांनी वापरतो ते पाहा. ‘जरा कंपनी दे रे’ म्हणजे सोबत कर. ‘त्याला कंपनी वाईट लागली’ म्हणजे संगत वाईट लागली. ‘पंखा कोणत्या कंपनीचा?’ म्हणजे कोणत्या छापाचा. लष्करातली कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे जवानांची तुकडी; नगरला सैन्याचे मोठे ठाणे असल्यामुळे हा अर्थ आपल्याला परका नाही. नाटक कंपनी आणि फिल्म कंपनी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतात. आणि ‘कंपनी सरकार’ म्हटले की इतिहासाचे पुस्तक उघडते. सोबत, संगत, छाप, तुकडी, नाटकवाले आणि राज्यकर्ते, एवढी सगळी एका शब्दाच्या घरात कशी नांदू लागली?

या घराचा पाया लॅटिन भाषेत आहे. ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. या दोहोंपासून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कंपानिओ’ असा शब्द झाला. अर्थ सरळ आहे: जो आपल्याबरोबर भाकरी खातो तो. फ्रँक लोकांच्या सालिक नावाच्या जुन्या कायद्यात या कुळातला शब्द टोळी, जथा या अर्थाने आलेला आहे. पुष्कळ विद्वानांचे मत असे की हा शब्द लॅटिनने जर्मन वंशाच्या भाषांचे पाहून घडविला. गॉथिक भाषेत सोबत्याला ‘गाह्लैबा’ म्हणत. त्यात ‘गा’ म्हणजे सह आणि ‘ह्लैब’ म्हणजे भाकरी. इंग्रजीतला ‘लोफ’ तो हाच. म्हणजे लुटारू असोत की लढवय्ये, ज्यांची भाकरी एक त्यांची टोळी एक, अशी ही मूळची समजूत होती.

या ‘पानिस’चा दुसरा एक वंशज आपल्या फार ओळखीचा आहे. लॅटिन ‘पानिस’चे पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ झाले आणि ते गोवा-वसईच्या वाटेने मराठीत ‘पाव’ होऊन आले. पाव पायाने मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आम्ही लहानपणी ऐकली होती आणि तिच्यामुळे काही दिवस पाव खाल्लाही नव्हता. परंतु तिच्यात तथ्य नाही. सांगायचे ते इतकेच की कंपनीतला ‘पन’ आणि गाडीवरचा पाव ही एकाच आजोबांची नातवंडे आहेत. एक इंग्रजांबरोबर आले, दुसरे पोर्तुगीजांबरोबर. आता एमआयडीसीच्या फाटकावर पहिल्या पाळीला माणूस हातात वडापाव घेऊन कंपनीत शिरतो, तेव्हा दोन्ही भावंडांची गाठ पडते आणि कोणाला पत्ताही नसतो.

आपल्याकडे ही कल्पना नवी होती असे मात्र समजू नये. सोबत जेवणे म्हणजे काय हे आपल्या समाजाइतके बारकाईने कोणी जाणले नसेल. कारण कोणी कोणाबरोबर जेवू नये याचे आपण शास्त्र बनविले होते. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही जोडी काय सांगते? ज्याच्याशी रोटीव्यवहार नाही तो आपला नाही. म्हणून तर जातिभेद मोडायला निघालेल्यांनी भाषणांबरोबर सहभोजने घातली. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण करून सर्व जातींची माणसे एका पंगतीला बसविली, ती याच वर्मावर बोट ठेवून. शिवाय आपल्या भाषेत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक विलक्षण शब्द आहे. पंगत एक, पण वाढण्यात भेद; एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसते वरण. हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

युरोपात या भाकरीच्या सोबतीला पुढे दोन वाटा फुटल्या. एक तलवारीची. चौदाव्या शतकात भाडोत्री शिपायांच्या टोळ्या स्वतःला कंपनी म्हणवीत. जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज इटलीत ‘श्वेत कंपनी’ घेऊन फिरत होता आणि जो पैसा देईल त्याच्या बाजूने लढत होता. आपल्याकडच्या पेंढाऱ्यांची आठवण व्हावी असाच तो प्रकार. लष्करातली कंपनी ही त्या शाखेची, शिस्तीत आणलेली. दुसरी वाट तराजूची. फ्लॉरेन्स शहरात बार्दी, पेरुत्सी अशा मोठ्या घराण्यांच्या पेढ्यांना ‘कंपान्या’ म्हणत. भाऊ, चुलते, जावई भांडवल एकत्र करीत आणि नफातोटा वाटून घेत. यात एक गोष्ट महत्त्वाची होती. पेढी बुडाली तर वाटेकऱ्याच्या घरादारापर्यंत देणे येई. १३४० नंतरच्या काही वर्षांत या दोन्ही पेढ्या बुडाल्या तेव्हा तसेच झाले. एका ताटात जेवलात तर उपासही एकत्रच काढा, असा तो हिशेब होता.

येथे थोडे थांबून एका गैरसमजाची वाट लावू. मराठीत ‘कंपू’ असाही शब्द आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचे कंपू प्रसिद्ध आहेत, आणि आज कंपू म्हणजे चारदोघांचे कोंडाळे. पुष्कळांना कंपू हा कंपनीचाच धाकटा भाऊ वाटतो. तसे नाही. कंपू आला ‘कॅम्प’वरून, त्याचे मूळ लॅटिन ‘काम्पुस’, म्हणजे मैदान. भिंगारच्या छावणीला आपण कॅम्प म्हणतो, त्याचा हा सख्खा भाऊ. एकाची आई भाकरी, दुसऱ्याची आई माती.

आता लंडनला जाऊ. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने दोनशेहून अधिक व्यापाऱ्यांच्या एका मंडळाला पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. तिच्या लांबलचक नावात ‘कंपनी’ हा शब्द अजून व्यापाऱ्यांचा जथा याच अर्थाने आहे. आरंभी ही मंडळी प्रत्येक सफरीपुरते पैसे घालीत. गलबत मिरी घेऊन परत आले की हिशेब मोडून नफा वाटून घेत. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर भांडवल कायमचे झाले, आणि तेव्हापासून एक चमत्कार घडला. माणसे मरत, भाग विकले जात, पण कंपनी तशीच राही. जेवणारे उठून गेले तरी पंगत बसलेलीच, असे ते झाले.

ही पंगत नगरला केव्हा आली याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ ऑगस्टला दौलतराव शिंद्यांच्या किल्लेदाराने भुईकोट किल्ला खाली केला. वेलस्लीच्या छावणीत गोखले नावाचे एक मराठा सरदार मित्र म्हणून होते. त्यांनी पुण्यास कळविले की हे इंग्रज लोक अजब आहेत. सकाळी आले, तट पाहिला, तट चढून गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले! ही न्याहारी इंग्रजांच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. आम्हांला तीत दुसरेच काही दिसते. ज्या शब्दाचा अर्थ एकत्र भाकरी खाणे, त्या शब्दाचे लोक नगरचा तट ओलांडून न्याहारीला बसले. आणि भाकरी ज्या गावची, ती गावे त्या पंगतीत नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, हेन्री पॉटिंजर येथे कंपनीचे पहिले कलेक्टर झाले, आणि पुढची चाळीस वर्षे येथला धारा एका व्यापारी पेढीच्या वहीत जमा होत राहिला.

योगायोग असा की ज्या वेलस्लीच्या थोरल्या भावाच्या गव्हर्नर-जनरलकीत हे घडले त्याला लॉर्ड म्हणत, आणि ‘लॉर्ड’ हाही भाकरीचाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘ह्लाफवेआर्द’ होता, म्हणजे भाकरीचा राखणदार. धन्याच्या घरी राबणाऱ्याला त्या भाषेत ‘ह्लाफएता’, म्हणजे भाकरी खाणारा, असे म्हणत. म्हणजे एका भाकरीचे दोन व्यवहार झाले: एकत्र बसून खातात ते कंपनी, आणि एक राखतो व दुसरा त्याच्या हातून घेतो ते धनी-चाकर. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव पहिल्या व्यवहाराचे होते, वागणूक दुसऱ्या. आमच्या मते ‘कंपनी’ या शब्दाच्या सगळ्या पुढच्या इतिहासाची गोम येथे आहे.

आपल्या पूर्वजांनी या परकीय शब्दाचे काय केले तेही मौजेचे आहे. जुन्या मराठी कागदांत ‘कुंपणी’, ‘कुंपिणी’ असे रूप येते. कुंपण शब्दाशी त्याचा धात्वर्थाने काही संबंध नाही. परंतु कारकुनाच्या कानाला ‘कंपनी’ ऐकून ‘कुंपणी’ लिहावेसे वाटले, आणि कुंपणच शेत खाते ही म्हण ज्याच्या तोंडी आहे अशा कुणब्याने ते ऐकले, म्हणजे पुढचे सांगायला नको. १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेले आणि १८७४ मध्ये ती कंपनी कायद्याने विसर्जित झाली.

पण आपल्याकडे शब्दाची मूळ माया राहिली ती दुसऱ्याच दाराने. मराठीने कंपनीला ‘मंडळी’ हा प्रतिशब्द दिला. दुकानाच्या, प्रकाशनाच्या नावात ‘आणि मंडळी’ येऊ लागले; मुंबईचे ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ हे नाव जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आढळते. मंडळी म्हणजे वर्तुळात बसलेली माणसे. जेवायला बसतात तीही मंडळी, आणि जुने लोक बायकोचे नाव घ्यायचे टाळून ‘आमची मंडळी’ म्हणत तीही मंडळीच. व्यापारी संस्थेला याहून घरगुती शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेने दिला असेल असे वाटत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांची नाटक मंडळी निघाली. १९१३ साली तिच्यातून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पाटीवर मंडळी असले तरी बोलताना लोक कंपनीच म्हणत. गावोगाव बिऱ्हाड पडे, आचारी बरोबर असे, राजाचे काम करणारा आणि पडदा ओढणारा एका स्वयंपाकावर जगत. तेथे मालक नव्हते किंवा भांडणे नव्हती असे नाही; ती तर फार होती. पण भांडण झाले तर कोणाशी झाले हे माहीत असे.

इकडे कायद्याने निराळाच संसार मांडला होता. हिंदुस्थानात १८५० च्या कायद्याने कंपन्यांची नोंदणी सुरू झाली आणि १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले. या तत्त्वाने फ्लॉरेन्सचा जुना हिशेब मोडला. आता कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरते. त्याच्या घरच्या चुलीला धक्का नाही. याने उद्योग वाढले हे खरे आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. अनोळखी माणसांचे थोडेथोडे पैसे एकत्र येऊन गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच सोयीने. पण याच सोयीने कंपनी ही वाटेकऱ्यांहून निराळी अशी कायद्यातली स्वतंत्र व्यक्ती झाली. ती दावा लावते, जमीन घेते, कर्ज काढते. मात्र तिला भूक नाही. एक गंमत नोंदवून ठेवतो. सार्वजनिक कंपनी काढायला कायद्याने निदान सात माणसे लागत, आणि १९२६ च्या मूळ कायद्याप्रमाणे कामगारांची संघटना नोंदवायलाही सातच लागत. भांडवलाचे सात आणि घामाचे सात. मात्र त्या सातांना आपल्या मागण्यांसाठी कंपनीच्या दारात उभे राहावे लागे.

आपल्या जिल्ह्याने या कायद्यातल्या व्यक्तीला जवळून पाहिले ते हरेगावला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कालव्याखालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने मुदतीच्या खंडाने घेऊन बेलापूर कंपनीला उसासाठी दिल्या. एरवी खंड देणाऱ्या कुळाला खंडकरी म्हणायचे. येथे ज्याची जमीन गेली तो मालकच खंडकरी म्हणून ओळखला गेला. शब्दसुद्धा कंपनीच्या बाजूने उलटे झाले! १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर ही जमीन १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाकडे गेली, आणि खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या त्या थेट या शतकात. म्हणजे ज्याने जमीन दिली त्याच्या नातवाने आणि पणतवाने तिच्यासाठी अर्ज केले, मोर्चे काढले.

या अनुभवाला उत्तर म्हणून प्रवराकाठी वेगळा प्रयोग झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५० मध्ये लोणीजवळचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. भाग कितीही असोत, मत एक. लॅटिन कोशातला ‘कंपानिओ’ जर कोठे अवतरला असेल तर तो येथे, आणि नेमके त्यालाच आपण कंपनी म्हणत नाही. पण ऊस तोडायला पाथर्डीकडून आणि बीडकडून जी जोडपी येतात, त्यांना हिशेबात माणसे न म्हणता ‘कोयता’ म्हणतात. नवराबायको मिळून एक कोयता. ती मुकादमाची उचल घेऊन येतात आणि पाचटाच्या खोपीत राहतात. कारखान्याच्या सभासदांच्या यादीत कोयत्याचे नाव नसते. सहकाराची पंगतही फडाच्या बांधापाशी संपते.

कायदा अलीकडे पुन्हा या शब्दाशी खेळला आहे. २००२ च्या दुरुस्तीने दहा शेतकऱ्यांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढता येऊ लागली, आणि तशा कंपन्या आपल्या तालुक्यांतही निघाल्या आहेत. उलट २०१३ च्या कंपनी कायद्याने एका माणसाची कंपनी मान्य केली. सह आणि भाकरी यांतला सह गेला. उरला एकटा माणूस आणि त्याची भाकरी.

एमआयडीसीत आज एखादा नवा पोरगा दिसला की जुने कामगार विचारतात, ‘तू कंपनीचा का ठेकेदाराचा?’ दोघे एकाच यंत्रावर उभे असतात, एकाच सुट्या भागावर हात चालवितात. फरक असतो तो हजेरीच्या वहीचा. कंपनीच्या वहीतला तो ‘कंपनीचा’. दुसरा तेथे बारा वर्षे काढूनही कंपनीत असतो, पण कंपनीचा नसतो. पूर्वीच्या कायद्यांनीही ही विभागणी गृहीत धरली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेंहून अधिक कामगारांमागे उपाहारगृह सांगितले होते, आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात शंभर कंत्राटी कामगारांमागे निराळे उपाहारगृह सांगितले होते. एका आवारात दोन स्वयंपाकघरे, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

आमच्या कामातले एक प्रकरण सांगतो. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही. तेथे कायम कामगारांना कूपनावर जेवण मिळे. कंत्राटी पोरे घरचा डबा घेऊन कुंपणाशेजारच्या लिंबाखाली बसत, आणि पावसाळ्यात सायकलींच्या छपराखाली उभ्याने जेवत. आम्ही मागणी लिहिली ती पगारवाढीची नव्हती, एका छपराखाली जेवण्याची होती. आमच्याच कायम सभासदांपैकी काही जण कुरकुरले की जागा अपुरी पडेल, वरण पातळ होईल. त्यांची समजूत घालण्यात जेवढ्या रात्री गेल्या तेवढ्या व्यवस्थापनाशी बोलण्यात गेल्या नाहीत. दीड वर्ष पत्रे गेली आणि उत्तरे आली. प्रत्येक उत्तरात ‘कंपनीचे धोरण’ हे शब्द होते. अखेर तडजोड निघाली: जेवण एकाच भटारखान्यातले, टेबले तीच, ताटे तीच, मात्र कायम कामगारांची घंटा साडेबाराला आणि कंत्राटी कामगारांची एकला. पहिले उठून गेले की मग दुसरे आत येतात.